न्यायला कोण येणार

गल्लीतल्या त्या शिंप्याला सगळे उद्यामास्तर म्हणत. कपडा कधी मिळेल असं विचारलं, की हा गृहस्थ शिलाईवरची नजर न काढता सांगणार, “उद्या या.” आता हा उद्या कोणत्या कॅलेंडरात असतो, देव जाणे! पण हातात अशी जादू, की लोक शिव्या घालत का होईना, त्याचीच पायरी चढायचे. शिव्या मात्र खायच्या त्याच्या बायकोनं.

ती पडद्यामागे स्टुलावर बसून बटणं लावायची. मास्तर मापं मोठ्यानं सांगायचे, ती तिकडून वहीत उतरवून घ्यायची. छाती, खांदा, बाही, उंची, आणि शेवटच्या रकान्यात ‘न्यायला कोण येणार’. एकदा एकाचा सूट भलताच माणूस घेऊन गेला, तेव्हापासूनची ही तिची शिस्त. स्वतः, मुलगा, सासरे, जे असेल ते लिहायचं म्हणजे लिहायचं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ धरला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मास्तर अजूनही गिऱ्हाइकाची मापं पडद्याकडे तोंड करून सांगत. मग जीभ चावत, आणि आत जाऊन मुकाट्यानं स्वतःच लिहीत.

यंदा लेकीचा फोन आला. तिला नववा लागत होता.

“बाबा, आई नाही, निदान तुम्ही तरी या. इथं थंडी फार आहे. तो उसवलेला स्वेटर घालून येऊ नका, चांगला पीकोट शिवा स्वतःला.”

“कसला कोट?”

“अहो, खलाशी घालतात तो! जाड लोकरीचा, रुंद कॉलर, पुढे बटणांच्या दोन ओळी. गडद निळाच घ्या, काळ्यात तुम्ही आजारी दिसता. खांद्यावर चपखल हवा, पण आत स्वेटर मावला पाहिजे. गळ्यात राखाडी मफलर. आणि कानटोपी घालून उतरलात, तर स्टेशनवर मी ओळख दाखवणार नाही, सांगून ठेवते!”

मास्तर खूप दिवसांनी हसले. बायको तीस वर्षं हेच सांगत होती. “अहो, जगाला ऊब देता, स्वतःला एक कोट शिवा की.” तिलाही त्यांचं उत्तर तेच, उद्या.

कापड आणलं, आणि घोडं अडलं. शिंप्याला सगळ्या जगाचं माप घेता येतं, स्वतःच्या पाठीचं येत नाही. दुपारी दुकानाचं दार लोटून मास्तर आरशासमोर टेप घेऊन उभे राहिले. छाती अडतीस, बाही चोवीस, सवयीनं मोठ्यानं म्हणत गेले. खांद्याशी टेप हातातून निसटली.

ती खाली पडली नाही.

पाठीवर ती आपोआप ताणली गेली. मानेच्या मणक्याशी दोन गार बोटं टेकली... आणि वास आला, शेवटच्या आठवड्यात तिच्या छातीला चोळत होते, त्या बामाचा. मास्तरांची आरशात बघायची छाती झाली नाही.

“साडेसतरा...” ते पुटपुटले.

पडद्यामागे पेन्सिल खरखरली.

बऱ्याच वेळानं त्यांनी पडदा सारला. स्टूल रिकामं. वहीत डावीकडे कललेलं तिचंच अक्षर, सगळी मापं बिनचूक. आणि शेवटच्या रकान्यात, न्यायला कोण येणार? ‘मी’.

मास्तरांनी वही मिटली. भीती वाटली, वाटणारच. पण खोटं कशाला बोला, आनंदही झाला. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच काही न्यायला येणार होती. कोट की कोटातला माणूस, हे विचारायची गरजच नव्हती. पण मग लेकीचं फोनवरचं बोलणं आठवलं, ‘आई नाही, निदान तुम्ही तरी या.’

त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. कोट शिवला, बटणं लावली नाहीत. बिनबटणाचा कोट काही तयार म्हणता येत नाही, आणि अपुरा कपडा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. सहा बटणं बशीत ठेवून ते पडद्याला म्हणाले, “उद्या.”

सकाळी दुकान उघडलं, तर एक बटण लागलेलं. दोरा कात्रीनं कापलेला नव्हता, दातानं तोडलेला होता. याच सवयीवरून तिला किती बोलायचे ते! टोकाला हात लावला, तर ओलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं. बशी कपाटात ठेवून कुलूप लावलं, तरी तिसरं. मग चौथं. पाचवं लागलेलं दिसलं, तेव्हा मास्तरांचा धीर सुटला. ते पडद्यापाशी जाऊन उभे राहिले.

“अगं ए... ऐक ना. तुझ्याकडे यायला माझी ना नाही. तुझ्याशिवाय करमतं थोडंच? पण तुझ्यामागे पोरगी एकटी आहे गं. बाळाचं तोंड बघू दे. मग तू म्हणशील तेव्हा...”

मास्तरांनी कान लावला. मग पेन्सिल वाजली. अगदी थोडी.

‘मी’ तसंच होतं. त्यापुढे एक शब्द वाढला होता, ‘उद्या’.

मास्तर हसता हसता रडायला लागले. “तीस वर्षांचं उट्टं काढलंस हो!”

सहावं बटण मात्र मिळेना. बशी, कपाट, केराची टोपली, सगळं पालथं घातलं. शेवटी पाच बटणांचा कोट आणि राखाडी मफलर घालून, प्रवासभर दोन्ही हात खिशात खुपसून ते लेकीकडे पोचले. पंधरा दिवसांनी नात झाली. नाक थेट आजीचं. मास्तरांनी तिला कोटाच्या उबेत धरलं, आणि त्यांना वाटलं, भरून पावलो.

“बाबा,” लेक खाटेवरून म्हणाली, “दुसऱ्यांचे कोट शिवता आणि तुमच्याच कोटाला एक बटण कमी?”

“लावतो गं,” मास्तर म्हणाले. “उद्या.”

बोलता बोलता मोकळा हात खिशात गेला. इतके दिवस रिकाम्या असलेल्या त्या खिशात बटण होतं. त्याच्या भोकांतून घातलेली सुईही होती, दोरा ओवून तयार. मास्तरांनी नातीला छातीशी घट्ट धरलं, आणि अंगठ्यानं दोऱ्याचं टोक चाचपलं.

ओलं होतं.