झिपरीचा चावा

“हिचं चावणं थांबेल अशी सुई द्या, नाहीतर मी आजच कुठेतरी सोडून येतो!”

मुलाने टोपली टेबलावर आदळली. आत झिपरी मांजर मुकाट. मागे त्याची आई उभी, उजव्या हाताला पट्टी.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टोपली उघडली. “कधी चावते, मावशी?”

“संध्याकाळी. मी भजन म्हणते तेव्हा.”

“बाबा गेल्यापासून डोकं फिरलंय तिचं,” मुलगा फणफणला.

“तिचं काय चुकलं?” मावशींचे डोळे भरले. “हे खुर्चीतून कोसळले, तेव्हा मी बाजारात. एकटे गेले रे. तोच राग धरलाय तिने माझ्यावर.”

डॉक्टरीणबाई मुलाकडे वळल्या. “तेव्हा झिपरी कुठे होती?”

“उलटलेल्या खुर्चीखाली. भेदरून लपली होती. हाका मारल्या तरी हलेना. मग तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती?”

“भजनाच्या वेळी कुठे बसते, मावशी?”

“माझ्या मांडीवर. आपणहून येते बरं! आधी स्टुलावर, मग मांडीवर. पूर्वी यांच्या मांडीवर एका उडीत जायची.”

“उडी कधी बंद झाली?”

“हे गेले तेव्हाच.”

“आणि तुमचा हात कुठे असतो?”

मावशींनी पट्टीचा हात टेबलावर हलकेच आपटला. “असा, तिच्या कमरेवर. हे भजन म्हणताना असाच ठेका धरायचे. म्हटलं, तिचं तेवढं तरी सुख राहू दे.”

डॉक्टरीणबाईंचा हात डोक्यावरून, पाठीवरून कमरेशी आला. झिपरी गर्रकन वळली. दात बोटाला टेकले.

थोड्या वेळाने त्यांनी एक्स-रे उजेडात धरला.

“कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलंय. जुनी मोड आहे. ती लपली नव्हती. नेहमीसारखी काकांच्या मांडीवर होती, त्यांच्यासकट खाली आली. खुर्ची तिच्यावर पडली. हलणार कशी? तुमचा ठेका नेमका तिथे पडतो, मावशी. तिला राग नाही आला. तिला दुखतं.”

“मग रोज मरायला येते कशाला?” मुलाचा आवाज चिरकला.

“ते भजन सुरू झालं की तिला राहवत नसेल.”

मुलाने मान खाली घातली. मावशी मात्र वेगळ्याच शब्दाला अडकल्या होत्या.

“मांडीवर होती? म्हणजे हे... एकटे नव्हते?”

“नव्हते, मावशी.”

मावशींनी झिपरीला कुशीत घेतलं, हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि फाटक्या आवाजात भजन धरलं. ठेका न देता.