हरणाबाईची सोबतीण

बंगलोरहून मानसोपचाराची पदविका घेऊन मी सांगलीला आलो ते साल पंचाहत्तर. इस्पितळात माझ्या विभागाला एक खोली मिळाली, पण दारावरची पाटी वाचून माणसं आल्या पावली परत जात. मग ठरलं, आपणच माणसांकडे जायचं. दर गुरुवारी जीप निघायची ती जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात. बरोबर सिस्टर भामाबाई. सकाळी रोगी तपासायचे आणि दुपारी आसपासच्या गावांतल्या नर्सबायांना, आरोग्यसेवकांना शिकवायचं. उदासीनतेचा आजार ओळखायचा कसा, गोळ्या द्यायच्या कशा, घरच्यांशी बोलायचं काय.

मी रहिमतपूरचा, उसाच्या गारव्यात वाढलेला. जतचं उघडं माळरान मला सुरुवातीला परकं वाटायचं. खुरटी ज्वारी, टँकरमागे धावणाऱ्या घागरी, आणि सावली म्हणाल तर मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून करतात तेवढीच.

हरणाबाईला तिच्या नवऱ्यानं पाठीवर बसवून आणलं होतं. जोतीराम म्हणजे उंच, वाळका धनगर. बाकावर त्यानं तिला असं ठेवलं, जसं कोकरू खाली ठेवतात, आधी पाय टेकवून. तिच्या केसांना करंजाचं तेल होतं, वेणी वाकडीतिकडी होती. वेणी त्यानंच घातली होती.

"कधीपासून असं आहे?" मी विचारलं.

"सुगीपासनं. काय झालं म्हनाल तर काय बी झालं न्हाई, डाक्टर. लेक सासरी सुखात हाय, मेंढरं बरी हायत. एक दिवस भिताडाला टेकून बसली, ती उठलीच न्हाई. रडायची आदी. आता रडत बी न्हाई."

हरणाबाई जमिनीकडे बघत होती. मग एवढंच बोलली. "माजी आतडी वाळल्यात. माज्यावर गोळ्या वाया घालवू नगासा."

खोल उदासीनतेतलं असं बोलणं मी पुस्तकात वाचलं होतं. मी गोळ्या लिहून दिल्या, हळूहळू वाढवल्या. जोतीराम दर गुरुवारी तिला आणत राहिला, आधी पाठीवर, मग हाताला धरून. पुढे एका गुरुवारी ती पुढे आणि तो मागे असे आले. बाकावर बसता बसताच तिनं तक्रार केली.

"ह्या येड्याला सांगा काय तरी. उठसूट इचारतंय, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का. बरं वाटाय जरा उसंत तर दे म्हनावं!"

जोतीराम इतका हसला, की त्याला डोळे पुसावे लागले. भामाबाईंनीही तोंडाला पदर लावला. मला वाटलं, बंगलोरला घालवलेली वर्षं या एका बाईनं वसूल करून दिली.

निघताना ती दारात थांबली.

"डाक्टर, एक इचारू? मी उठले. पर ती अजून तितंच बसल्याली हाय."

"कोण ती?"

"माज्यासंगं व्हती की. भिताडापाशी."

मी तिला परत बसवलं आणि नीट तपासलं. वार, महिना, लेकीच्या गावचं नाव, सगळं ठीक. कसले भास नव्हते; आवाज ऐकू येत नव्हते, काही दिसत नव्हतं. झोप, भूक चांगली होती. "दिसत न्हाई वो," ती मलाच समजावून सांगत होती. "असती. येवडं दिस कोन बसलं माज्याजवळ? आमचं हे बी दमायचं, उठून जायचं. ती न्हाई उठली. आता माजं झालं म्हनून तिला सोडून द्यायची व्हय?"

आजारातून उठलेलं माणूस मागच्या दिवसांना असंच काहीतरी नाव देत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तरी पुढच्या गुरुवारी दवाखाना आवरल्यावर जीप त्यांच्या वस्तीकडे वळवली.

दगडमातीचं एकच घर, पुढे सारवलेलं अंगण, बाजूला मेंढरांचा वाडगा. पूर्वेच्या भिंतीला छपराची अरुंद सावली पडली होती. मेंढ्या त्या सावलीला खेटून उभ्या होत्या, पण मध्ये एका माणसाच्या बैठकीएवढी जागा मोकळी होती. तिथली जमीन घासून किंचित खोल झाली होती. त्या जागेपुढे पितळीत भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी ठेवलेलं.

"खाते का?" मी थट्टेनं विचारलं.

"खात न्हाई," जोतीराम गंभीरपणे म्हणाला. "हरणी बी खात नव्हती. म्हनून ठेवायचं सोडत्यात व्हय?"

हरणाबाईनं चहा दिला. कपबशी हातात घेऊन मी मुद्दाम त्या जागेवर जाऊन बसलो. मेंढ्या हलल्या नाहीत. भिंत पाठीला गार लागली. मग वास आला. करंजाचं तेल, लोकर, आणि त्याखाली आजारी अंगाचा तो आंबूस वास, जो हरणाबाईच्या अंगाला पहिल्या दिवशी होता आणि आता नव्हता. एवढं मला आठवतं. त्यानंतर चहा प्यायचा असतो हे मला माहीत होतं, पण कप तोंडाजवळ न्यावा असं काही कारण सापडत नव्हतं. दुःख वगैरे नव्हतं. काहीच नव्हतं. फक्त माझ्या डाव्या खांद्याला कुणीतरी टेकलं होतं, आणि ते ओझं नकोसं वाटत नव्हतं.

जोतीरामनं मला दंडाला धरून उठवलं. चहावर जाड साय धरली होती. सावली भिंतीपासून पार अंगणाच्या मध्यापर्यंत गेली होती.

"जादा येळ बसू नये," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिचा काय दोष न्हाई त्यात."

भामाबाई जीपमध्ये माझी वाट बघत झोपून गेल्या होत्या. ऊन लागलं असेल, असं मी त्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

पुढच्या खेपेला हरणाबाईनं सरळ गोळ्या मागितल्या, तिच्यासाठी. मी नाही म्हणालो. "मग माज्यातल्या निम्म्या तिला घालती," ती म्हणाली, आणि ती तसं करील याची मला खात्री होती. हरणाबाईचा डोस कमी होऊन चालणार नव्हतं. म्हणून मी ताकदीच्या साध्या गोळ्यांची पुडी जोतीरामकडे दिली.

आठवड्यानं पुडी परत आली. "ह्या येगळ्या हायत," हरणाबाई म्हणाली. "तिनं हात लावला न्हाई."

आज कुणी विचारलं तर त्या वेळी मी तसं का वागलो हे सांगता येणार नाही. मी खऱ्या गोळ्या दिल्या, अगदी थोड्या, आणि जोतीरामला बजावलं की त्या त्याच्या कनवटीला राहतील, रोजची तेवढीच पितळीत ठेवायची. त्या संपत गेल्या. कोंबड्या असतील, मी म्हणायचो. जोतीराम मान हलवायचा, वाद घालायचा नाही. मग बातम्या येऊ लागल्या. भाकरीचा कोपरा तुटलेला असतो. पाणी कमी होतं. एक मेंढी त्या जागेत जाऊन बसली आणि तिला कुणी हाकललं नाही. नवराबायको या गोष्टी अशा सांगायची, जसं घरात लहान मूल पाऊल टाकायला लागल्याचं सांगतात. माझ्या नकळत मीही त्या बातम्यांची वाट बघू लागलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मी नर्सबायांना शिकवत होतो. दवाखान्यापुढच्या लिंबाखाली सतरंजी आणि खोडाला टेकवलेला फळा होता. जोतीराम गोळ्यांसाठी आला होता आणि एका कडेला उकिडवा बसून ऐकत होता.

"सगळ्यांत जपायचं ते रोगी सुधारायला लागतो तेव्हा," मी सांगत होतो. "आधी हातापायांत जीव येतो. मन मागून येतं. इतके दिवस मरायचं मनात असतं, पण उठायची ताकद नसते. ती ताकद आली, की त्या मधल्या दिवसांत माणसाला एकटं सोडायचं नाही. विहीर, दोरी, औषधं, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं."

जोतीराम उभा राहिला. बायका वळून बघायला लागल्या.

"डाक्टर," तो म्हणाला, "परवापास्नं ती जाग्यावर न्हाई. मेंढरं समदी तिच्या जाग्यावर बी बसत्यात. आमाला वाटलं, बरी झाली. आनंद झाला बगा आमाला."

मी खडू खाली ठेवला.

"आन आज सकाळपास्नं हरणी हिरीवर जाऊन बसलीया. घरला ये म्हनलं तर येत न्हाई."

आम्ही जीप घेतली. भामाबाई माझ्याबरोबर होत्या. जोतीराम मागे बसला. मला हरणाबाईची काळजी वाटत होती, फक्त हरणाबाईची. आजार उलटला असेल. मीच तिला खेळ खेळू दिला होता.

विहीर घरामागे होती, बिनकठड्याची. तळाशी हिरवट पाणी. हरणाबाई काठावर पाय दुमडून बसली होती. ऊन डोक्यावर होतं. ओठ सुकले होते, पण डोळे स्वच्छ होते. तिनं मला ओळखलं आणि हसली.

"आलासा? बरं झालं."

तिचा उजवा हात बाजूला ताठ धरलेला होता. मूठ वळलेली, पण पुरती मिटलेली नाही. आत काहीतरी असावं अशी.

"हरणाबाई, हळूच मागं सरका."

"मी सरकीन वो. ती सरकंना." तिचा दंड थरथरत होता. "लय वढती. हात सुटंल म्हनून सकाळधरनं पानी बी प्याले न्हाई."

जोतीराम तिच्या मागे एका गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. दुसऱ्या पायाची टाच त्यानं मातीत रोवली होती. टाच हळूहळू घसरत होती.

"तुमी सांगा तिला," हरणाबाई म्हणाली. "तुमचं ऐकंल. मी तुमचंच ऐकलं व्हतं न्हवं?"

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. करंजाच्या तेलाचा वास येत होता.

"बाई," मी समोरच्या मोकळ्या जागेला म्हणालो, "मी डॉक्टर आहे. थोडे दिवस अजून. मन मागून येतं. मी सांगतो ना, येतं."

जोतीरामची टाच थांबली.

हरणाबाईनं एकदम श्वास सोडला. तिचा हात आपोआप खाली आला, काठावर टेकला. "बसली," ती पुटपुटली. "बगा जरा तिला. लय गार पडलीया."

मी हात पुढे केला. हरणाबाईनं आपली मूठ थोडी सैल केली आणि मला जागा करून दिली. मी तिथं तीन बोटं टेकवली, जशी नाडी बघताना नेहमी टेकवतो.

मागून भामाबाईंनी सवयीनं विचारलं, "किती आहे, डॉक्टर?"

"थांबा," मी म्हणालो, आणि घड्याळाकडे बघून मोजायला लागलो.