रतिलालआबांना आलेली पत्रिका

धुळ्याच्या जुन्या सैनिक स्मारकात रांगेने दगड उभे आहेत, एकेका जवानाच्या नावाचे. मी, धरणगावची दिपमाला, दरवर्षी तिथे पणजोबांना हार घालायला येते. आणि दरवर्षी कुणीतरी आधीच झेंडू ठेवून गेलेलं असतं! यंदा तो सापडला. उंच, सावळा, निळ्या शर्टातला... चक्क लग्नपत्रिका ठेवून अक्षता वाहत होता.

"अहो, हे आमचे पणजोबा!"

"छे, आमचे! मी योगराज, चाळीसगावचा. आजीने सांगितलंय — फाटकातून चौथा दगड. तिचे वडील. ती सहा महिन्यांची असताना लढाईवर गेले, ते गेलेच."

"अहो, फाटक आधी मागे होतं, कडुनिंबापाशी! अक्षरं झिजलीत, पण बोट फिरवा... असं नाही हो!" मी त्याचं बोट धरून कोरीव अक्षरांवरून फिरवलं. रतिलाल. नाव संपलं, तरी बोट सोडायचं माझ्या लक्षातच आलं नाही. इश्श!

मग कडुनिंबाकडून चौथा दगड मोजला. पाचोळा झाडला. त्याने बोट फिरवलं — मगन. आणि तो मटकन खालीच बसला.

"इतकी वर्षं यांना एक फूल नाही... घरातल्या लग्नाचं पहिलं आमंत्रण तिच्या बाबांना, असं आजी म्हणते. तिला काय तोंड दाखवू?"

मला फार वाईट वाटलं. हातातला हार मी मगनआबांनाच घातला. "तुमचा झेंडू आमच्यांना, आमचा हार तुमच्यांना. फिट्टंफाट! जा, ती पत्रिका इकडे आणा."

"अक्षता पडल्यात. दिलेलं आमंत्रण परत घेत नाहीत आमच्यात." पिशवीतली दुसरी पत्रिका त्याने मगनआबांपुढे ठेवली. "रतिलालआबांच्या वतीने तुम्ही यायचं."

"लग्न... तुमचं?" माझा जीव टांगणीला.

"बहिणीचं हो!" तो पहिल्यांदाच हसला. गालाला खळी पडते मेल्याच्या...

गेले मी चाळीसगावला. मांडवात त्याच्या आजीने, सुगंधाबाईंनी, माझा हात दोन्ही हातांत धरला. "मना बापले हार घालनारी हाईच शे का?" वडिलांना हार घालणारी हीच का, असं अहिराणीत विचारताना त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणजे योगराजने सगळं खरं सांगितलं होतं. मला तो तिथेच आवडला, अगदी पक्का.

"आजी, पुढची पत्रिका आधी मगनआबांनाच," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "माझी. फक्त मुलीचं नाव अजून..."

"दिपमाला लिहा," मी म्हटलं. "आणि ठेवायला जाताना मला सोबत न्या. नाहीतर पुन्हा दगड चुकाल!"