राखेतली ऐरण

बेअरिंगचा छर्रा टप्पकन उडाला, ऐरणीवरून घरंगळला आणि धनंजयच्या चपलेला येऊन टेकला.

"द्या ना जरा इकडं," ती म्हणाली... मागं वळूनही न बघता!

वर्ध्याला तानबा भंगारवाल्याच्या गोदामात धनंजय आला होता, तो याच ऐरणीसाठी. पवनारला त्याचं वेल्डिंगचं दुकान. जुनी ऐरण आली आहे असा तानबाचा फोन येताच तो शटर ओढून निघाला होता. आणि इथं ही मुलगी! ओढणी कमरेला खोचलेली, गालावर गंजाचं बोट उमटलेलं.

"हे काय करून राह्यल्या तुमी?"

"लोखंड जितं हाय का मेलं, ते पाहून राह्यली." तिनं छर्‍यासाठी हात पुढं केला. "जितं असलं का छर्रा उडते. मेलं असलं का बसून जाते."

"अन् हे?"

"जितं हाय." ती हसली. "मी घेतली. तानबाकाकाले सांगतलं बी."

भांडायला हवं होतं. पण धनंजय खाली वाकला आणि ऐरणीवरून हात फिरवत राहिला. "कोपरा तुटला हाय. मधात खोलगा पडला. याच्यावर ठोकलेला विळा वाकडाच निघन."

"भरून घेईन."

"कोणाकडून?"

पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे, मग हातावरच्या ठिणग्यांच्या खुणा, मग परत डोळे...

"तुमाले येते?"

"येते," तो म्हणाला. "एका रविवारचं काम."

ऐरण त्याच्याच छोट्या टेम्पोत चढली आणि दोघं पवनारच्या दुकानाकडं निघाली. वाटेत कळलं, तिचं नाव आचल, गाव नाचणगाव. घरची शेती. निंदणाला जाणाऱ्या आईचा पंजा सुजलेला पाहून तिनं हलकी, बायांच्या मुठीत बसणारी खुरपी घडवायला घेतली होती. रेल्वेरुळाच्या तुकड्यावर! पण तो तुकडा घाव घातला की उड्या मारायचा. आता बचत गटाच्या चाळीस बायांनी तिच्याकडं खुरपी सांगितली होती. निंदण सुरू व्हायच्या आत हवी होती.

पहिला रविवार गंज काढण्यातच गेला. एका बाजूनं तिचा तारेचा ब्रश, दुसऱ्या बाजूनं त्याचा. मधेच बोटं एकमेकांना लागायची... आणि दोघंही उगाच जास्त जोरानं घासायचे.

दुसऱ्या रविवारी पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून ऐरण तापवली, धनंजयनं कोपरा आणि खोलगा भरला आणि ती राखेत गाडली. ऐरण हळूहळू निवायला हवी. एकदम गार झाली की तडकते.

तिसऱ्या रविवारी ग्राइंडर फिरला आणि भरलेला थर आरशासारखा निघाला. हवेचा एक फुगा नाही, एक भेग नाही. धनंजयनं ग्राइंडर बंद केला. झालं काम. आता आचल ऐरण घेऊन जाणार.

"फुगे राह्यले आत," त्याच्या तोंडून निघून गेलं. "काढून पुन्हा भरा लागन."

आचलनं थरावरून अंगठा फिरवला. त्याच्याकडं पाहिलं. "असं?"

"हो... ना."

"मंग काढ," ती म्हणाली. 'तुमी' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

चौथ्या रविवारी पुन्हा जाळ, पुन्हा थर. पण मधेच वावटळ उठली. जाळ विझला, ऐरण भराभर निवू लागली. धावपळ करून दोघांनी ती राखेच्या ड्रममध्ये गाडली. आचल पाचच्या बसनं गेली आणि थोड्याच वेळात ड्रममधून आवाज आला.

टच्च.

धनंजय ड्रमकडं धावला. उकरून पाहावं तर गार हवेनं आणखीच बिघडायचं. त्यानं फोन लावला. "आचल... उद्या येजो."

सोमवारी ती पहिल्याच गाडीनं आली. त्याचा चेहरा पाहून काही न विचारता तिनं फावडं उचललं.

"थांब. उघडाच्या आधी सांगतो." त्यानं फावडं अडवलं. "पह्यला थर चांगला होता. फुगे-बिगे काई नव्हते. मी खोटं बोललो. काम झालं असतं तं तू गेली असती... म्हणून. आता तडकली असन, तं माह्या लबाडीनं तडकली. तुह्या चाळीस बायांचं नुकसान म्या केलं."

आचल फावड्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली.

"माहीत हाय मले."

"काय?"

"थर चांगला होता ते. आयटीआयमधून वेल्डर ट्रेड केला म्या. अंगठ्याले कळते."

"तुले वेल्डिंग येते? मंग भंगारात मले काऊन विचारलं?"

"मशीन नाई माह्याजवळ," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "अन्... तू भांडला नाई. तुटका कोपरा दाखवला. म्हणलं, एक रविवार पाहू."

"मंग चांगला थर काढू काऊन देला?"

"एकानं भागत नव्हतं ना!" तिचे कान लाल झाले होते. "लबाडी दोघांची हाय, धनंजय. चल, काय निघते ते दोघं पाहू."

राख अजून कोमट होती. दोघांनी हातांनीच उपसली. कोपरा दिसला... माथा दिसला... धनंजयनं बोट फिरवलं. भेग नव्हती. आचलनं हातोडा उचलून हलकेच घाव घातला —

ट्णऽऽण!

स्वच्छ आवाज, कितीतरी वेळ घुमत राहिलेला. मग ड्रम बाजूला करताना त्याचं बूड उसवलेलं दिसलं. टच्च वाजला होता तो पत्रा! धनंजय तिथंच राखेत बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले, तर राखेचे पट्टे गालभर. आचलनं ओढणीचं टोक पुढं केलं... आणि मग स्वतःच पुसले.

माथा घासून झाल्यावर, चार वाजता, टेम्पो नाचणगावच्या रस्त्याला लागला. मागं ऐरण, पुढं ती. वर्धा मागं पडलं तसा धनंजय पुन्हापुन्हा आरशात बघून शर्टावरची राख झटकू लागला.

"आता काय झालं?"

"तुह्या आईले काय सांगू? कोण म्हणून येऊन राह्यलो मी?"

"आईले काई सांगाची गरज नाई." आचल खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "फुग्यांच्या रविवारीच सांगतलं म्या तिले."

"काय?"

"का ह्या पोरासंगच लग्न करन म्हणून."

टेम्पो करकचून थांबला.

"थांबू नको ना," ती हसून म्हणाली, "ती सैपाक करून वाट पाहून राह्यली."