चातुर्मासातलं लेट्यूस

मंगळवार पेठेतल्या अपूर्वाची आणि कागलच्या विश्वजितची गाठ पडली ती लेट्यूसच्या एका गड्ड्यापायी. अपूर्वा खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. हा गडी शेडनेटच्या जाळीखाली लाल लेट्यूस पिकवायचा, ते तपासायला घेऊन आलेला. बाहेर पावसाची रिपरिप, आणि याच्या चपलांनी फरशीभर चिखल.

"मॅडम, हाटेलवाले इचारत्यात, ह्यात अँटिऑक्सिडंट किती?"

"आतल्या फिकट पानांत कमी. ऊन खाल्लेल्या बाहेरच्या लाल पानांत जास्त."

"आयला! ती तर आमी म्हशीला टाकतो की."

"मग म्हैस लई तब्येतीनं असंल तुमची…" अपूर्वा बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

त्यानं हसत एक पान पुढं केलं. "खाऊन तर बघा."

"न्हाय चालत. आम्ही जैन. चातुर्मासात पालेभाजी बंद."

त्याचा हात तिथंच थबकला. नंतर नमुने घेऊन तो येतच राहिला, आणि एकदा खाली बघत म्हणाला, "मीबी पालेभाजी सोडलीय… तुमी खात न्हाय, मग घास गोड लागंना." त्या दिवशी अपूर्वाला कळलं, आपण या माणसात पुरत्या गुंतलो.

पण आण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं कसं? जयसिंगपूरचं स्थळ चातुर्मास संपला की बघायला येणार होतं. आणि विश्वजितच्या घरी दर रविवारी मटण. तिची झोप उडाली. शेवटी तिनं धीर करून सांगितलं. आण्णा एवढंच म्हणाले, "बोलाव त्याला."

संध्याकाळी विश्वजित आला, खुर्चीच्या कडेला टेकला.

"मटण सोडशील?" आण्णांनी थेट विचारलं.

"माझं सोडलं. पण आईला सोड म्हणणार न्हाय. तिचं घर हाय त्ये."

अपूर्वा स्वयंपाकघरातून पुढं आली.

"आण्णा, मला ह्योच पायजे. खोटं बोलला असता, तर मीच नको म्हटलं असतं."

आण्णा उठले, खिडकीशी गेले. ऊन उतरत आलं होतं. अंधार पडल्यावर या घरात कुणी अन्नाला शिवत नसे.

"अपूर्वा, ताटं वाढ," ते पाठमोरेच म्हणाले. मग वळले. "उठा पावणं, हात धुवा. दिवस मावळायच्या आत जेवायची सवय करा आता."