द्वारकाबाईचं दार

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. वसमत गावात माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. आणि अलीकडे तोही कुरकुर करायला लागलाय. पण ही गोष्ट घडली. रुपयात बारा आणे तरी बराबर अशीच घडली.

साल चव्वेचाळीस, माघ महिना. उकडलेल्या हळदीच्या वासानं सगळी पेठ भरलेली. पेठेत माझं फोटोचं दुकान होतं. भरदुपारी द्वारकाबाई आली आणि पायरीवरच उभी राहिली.

"फोटोवाले, आमच्या बोळीचा जुना फोटो हाय म्हणं तुमच्यापाशी?"

होता. बत्तीस साली कोण्या बड्या साहेबाची स्वारी येणार म्हणून सगळी पेठ चुन्यानं पांढरी केली होती, तेव्हा मी हौसेनं घर न् घर टिपलं होतं.

द्वारकाबाई विधवा, एकटी राहायची. तिच्या खोलीचं दार बोळीत उघडायचं. शेजारच्या तातेरावाला, म्हणजे हळदीच्या व्यापाऱ्याला, ती बोळ बुजवून गोदाम बांधायचं होतं. तो म्हणे, हे दार जुनं नाहीच, बाईनं मागाहून भिंत फोडून पाडलंय. तहसिलीतले पेशकार उत्तमसिंग यांनी तोड काढली: जुना फोटो आणा, त्याच जागेवरून नवा काढा, दोन्ही शेजारी ठेवा. जुन्यात दार असेल तर बोळ राहील.

"अन् न्हाई निघालं तर?" मी विचारलं.

"तर दिराच्या गोठ्यातून जायचं-यायचं. रोज त्यांना पुसून." तिनं पदर सारखा केला. "सतरा वर्षांची होते, त्याच दारात माप ओलांडलं. निघल कसं न्हाई?"

मी कॅमेरा उचलला. बोळीसमोरच्या रतनसिंगाच्या दुकानाची दुसरी पायरी, तिथूनच जुना फोटो काढला होता. तिथूनच नवा काढला. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा; ती काच धुऊन वाळवली आणि जुनी-नवी दोन्ही काचा खिडकीपाशी धरल्या.

खरं सांगतो, असं सुख नाही. बारा वर्षं दोन बोटांत धरलेली! जुन्यात तातेरावाचं घर बसकं, माळवदाचं; नव्यात त्यावर टिनपत्र्याचा मजला. जुन्यात लिंबाचं रोप, त्याला काट्यांचं कुंपण. नव्यात त्याच लिंबाखाली दोन बैलगाड्या सोडलेल्या. काचेवर काच ठेवली तर कोपऱ्याला कोपरा बसला, खिडकीला खिडकी बसली.

दार बसलं नाही. जुन्या काचेत तिथं सरळ भिंत होती. चुना दिलेली, एक डाग नसलेली.

काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. ते वाचण्यात माझी बायको रुख्मिणीबाई माझ्याहून तरबेज. तिला दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हितं दार न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे द्वारकाबाई खोटं बोलून राहिली?"

"ती काहून खोटं बोलंल? तिच्या लग्नात, तुमच्या ह्या फोटोच्या कितीतरी आधी, त्याच दारातून जेवायला गेले व्हते मी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काच खोटं बोलत नाही अशी आमच्या धंद्याची ख्याती. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्यात माझा हातखंडा.

बारीक पातं घेतलं. नव्या काचेवरून दोऱ्यानं मापं घेतली आणि जुन्या काचेवरचा थर हळूहळू खरवडला. खरवडलेलं कागदावर गडद उमटतं. दोन फळ्या, चौकट, कडी घातलेली. दार गच्च बंद काढलं. बंद दाराला काम कमी लागतं.

काचेला कागद लावून छपाईची चौकट उन्हात ठेवली. चित्र उमटलं. दार झकास होतं, पण एक फळी बोटभर किलकिली दिसत होती. हात हलला असेल म्हणून तो कागद बाजूला टाकला.

दुसरा लावला. फळी वीतभर उघडी होती.

या खेपेला मी काच भिंगाखाली धरली. माझ्या पात्याच्या खुणा मला ओळखू येतात. कडीवर त्या होत्या, चौकटीवर होत्या. फळीच्या मागच्या अंधारावर एकही नव्हती. तिथं लुगड्याचा काठ होता.

"राहू द्या," रुख्मिणीबाई म्हणाली.

"आज तारीख आहे. तिचं दार जाईल."

तिसरा कागद मी छापला, न पाहताच गुंडाळला आणि तहसिलीत गेलो.

उत्तमसिंगांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. भिंग फिरवलं.

"दार तर आहे," ते म्हणाले. "उघडंच आहे. ही बाई कोण?"

द्वारकाबाई वाकली. "मी न्हाई ही," ती हळूच म्हणाली.

मी पाहिलं. दारात बाई उभी होती. हातभर चुडा, डोईवर पदर, तोंड सावलीत.

तातेरावानं फोटो ओढून घेतला. त्याची बोटं हळदीनं पिवळी होती. तो पाहत राहिला.

मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या.

"फोटोवाले," तो म्हणाला, "ह्या कवा उभ्या राह्यल्या तुमच्यापुढं?"

"कोण ह्या?"

त्यानं फोटो देवापुढं ठेवावा तसा दोन्ही हातांनी मेजावर ठेवला.

"पेशकारसाहेब, दार व्हतं. आमचं काई म्हणणं न्हाई."

बोळ राहिली. आजही द्वारकाबाई त्याच दारातून कुणाला न पुसता येते-जाते, आणि संक्रांतीला आमच्याकडे वाटीभर तीळगूळ न चुकता येतो. एका खोट्यावर माणसाला इतकं समाधान मिळू नये, पण मिळतं.

परवा ओसरीवर चहा घेता घेता दोस्त भीमसिंगाला हे सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "अन् ती काच?"

"ती मी त्याच संध्याकाळी फोडली. तुकडे विहिरीत टाकले. असल्या वस्तू घरात ठेवू नयेत."

"खोटं!" आतून आवाज आला. पदराला हात पुसत रुख्मिणीबाई बाहेर आली. "फोडली म्हणं! मांडणीवर हाय ती, बाकीच्या काचांत. सकाळीच पुसली म्या."

भीमसिंग मांडीवर थाप मारून हसला. मीही हसलो. पकडलं गेलं की हसावं.

"बरं बाई, न्हाई फोडली. मग दिसली का ती दारातली?"

"कोण दारातली?" रुख्मिणीबाईनं कपबशा उचलल्या. "दार सताड उघडं हाय. आत कोणीच न्हाई."