दादाची शपथ

"उचल त्यो डबा! तुझ्या हातचं आता या घरात कुनी खानार न्हाई!"

सरस्वतीबाईंनी रव्याच्या लाडवांचा डबा टेबलावरून असा काही ढकलला, की तो थेट स्मिताच्या पोटाला येऊन लागला. करंजाडेच्या त्या छोट्याशा फ्लॅटमध्ये जाईवहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आणि ज्याच्यासाठी लाडू आणले होते तो सयाजी, स्मिताचा सख्खा थोरला भाऊ, तोफखान्यातून निवृत्त होऊन आलेला हवालदार, बाल्कनीच्या दारात पाठमोरा उभा होता. आईचा आवाज एवढा चढला, तरी त्याने मान वळवली नाही.

"आई, माझं ऐक तरी..."

"काय ऐकू? बाप गेला तवा ह्यो पोरगा मिसरूड फुटायच्या वयाचा. भरती झाला, का? तर तू शिकावीस! आन तू? दुनियेच्या फौजींना नोकऱ्या लावतीस, आन सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढून त्या हौसेरावाला देतीस! वैरीन हाईस तू!"

वैरीण! स्मिताचं काळीज चरकलं. एका वाक्यात ती आईचं तोंड बंद करू शकली असती. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलंही... पण तिने दादाच्या पाठीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. डबा पिशवीत घालून ती जिना उतरली.

आईचा आरोप वरवर पाहता खराच होता. बेलापूरच्या एका संस्थेत स्मिता माजी सैनिकांना बाहेरच्या नोकऱ्यांसाठी तयार करायची. हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हे. उभं आयुष्य हुकुमावर उठबस केलेला माणूस मुलाखतीत 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नाही, आणि 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की नंबर, हुद्दा आणि पलटण सांगून गप्प होतो! अशांना ती बोलतं करायची, आणि त्यांच्या पहिल्या पगाराचे पेढे खाताना हळूच डोळे पुसायची. तुर्भ्याच्या एका कंटेनर यार्डाने तिच्याकडे सुपरवायझर मागितला, तेव्हा तिच्या मनात पहिलं नाव दादाचंच आलं होतं.

म्हणून तिने त्याला सरावाच्या मुलाखतीला बसवलं. झकास चाललं होतं. मग त्याच्यासाठी पाणी ओतायला ती वळली आणि पाठमोरीच तिने विचारलं, "यार्डात अपघात झाला तर सगळ्यात आधी काय कराल?" उत्तर नाही. तिने जरा मोठ्याने विचारलं. तरी नाही. वळून पाहते तो काय... दादा ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत मंद हसत होता! म्हणजे इतके दिवस तो तिचे ओठ वाचत होता.

"दादा... कधीपासून?"

त्याची मान खाली गेली. "डावा कान तर कधीच गेला. उजव्यात थोडं येतं. तोफेवर सगळेच बहिरे असतात गं, हाताच्या इशाऱ्यावर काम चालतं. बोललो असतो तर तोफेवरून काढलं असतं मला. मग नाहीच बोललो."

"मशीन लाव ना कानाला. ऑफिसात बसायची कामं आहेत, मी बघते. पण यार्ड नको, दादा. मागे येणाऱ्या ट्रेलरचा भोंगा ऐकू आला नाही तर?"

"कानात मशीन लावून फिरू? आईसमोर? अख्ख्या सोसायटीला सांगत असते ती, माझा पोरगा तोफ चालवायचा म्हणून!" त्याने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. घरी कळू द्यायचं नाही."

तिने यार्डाला दुसऱ्या एका माजी सैनिकाचं, हौसेरावांचं नाव दिलं, आणि घरी चकार शब्द काढला नाही. दादानेही काढला नाही. आईने तिला वैरीण म्हटलं तेव्हा तो बाहेर बघत राहिला... त्याला ऐकू आलं नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिला बोलावणं आलं नाही. मग एक दिवस वहिनीकडूनच कळलं, की हिरामण नावाच्या मित्राच्या ओळखीने दादा दुसऱ्या एका यार्डात लागला आहे. स्मिता धावतच त्या यार्डाच्या गेटवर गेली.

"दादा, सोड हे काम. पाया पडते तुझ्या!"

"एकदा आडवी आलीस, आता तरी येऊ नकोस." तो तिच्या ओठांकडे बघत म्हणाला. "शपथ लक्षात आहे ना?"

मॅनेजरची केबिन गेटपासून हाकेच्या अंतरावर होती. ती तिथपर्यंत गेली, दाराशी घुटमळली... आणि परत फिरली! भावाच्या डोक्यावर ठेवलेला तो हात तिला दारावर टकटक करू देईना.

दिवाळीचे कंदील अजून उतरलेही नव्हते, आणि फोन आला. ट्रेलर डाव्या बाजूने मागे येत होता.

इस्पितळात ती पोचली तेव्हा दादाचा पाय गुडघ्याखालून काढला होता. खाटेशेजारी आई बसली होती, आणि पायथ्याशी ड्रायव्हर हात जोडून रडत होता. "माई, देवाशप्पथ भोंगा वाजवला, क्लीनर पन बोंबलत होता. साहेब हललेच नाय!"

"ऐकू कसं न्हाई आलं?" आई कळवळली. तेवढ्यात तिची नजर स्मितावर गेली. "हिचा तळतळाट लागला माझ्या लेकराला! आता काय बघाया आलीस, गं?"

स्मिता भिंतीला टेकली. याही घटकेला ती बोलली नाही... पण दादाचे डोळे उघडे होते आणि आईच्या ओठांवर खिळले होते.

"आई, बस!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "मी बहिरा आहे! हिला माहीत होतं, म्हणून हिने मला ते काम दिलं नाही. माझा जीव वाचवत होती ती. आणि मी... मी हिला तुझ्या शिव्या खाऊ दिल्या!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. उठून तिने स्मिताचे दोन्ही हात धरले. "पोरी... का गं बोलली न्हाईस?"

"शपथ होती गं, आई." स्मिताला हुंदका आवरेना. "पण मोडायला हवी होती... मोडली असती तर दादाचा पाय राहिला असता!"

आईने लेकीला घट्ट कवटाळलं, मग खाटेवर वाकून, पदर तोंडात कोंबून, रडत रडत ती लेकाला काहीतरी सांगू लागली. त्याने चाचपडत हात वर केला आणि तिच्या तोंडावरचा पदर बाजूला सारला.

"आई," तो म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."